भाचीचा अधिकृत ग्राहक

माणसाने आयुष्यात बरंच काही व्हावं. नवरा व्हावं, मामा व्हावं, अगदीच गळ्यात पडलं तर इमारतीच्या कमिटीचा सेक्रेटरीही व्हावं. मी हे सगळं होऊन बसलो आहे. पण ग्राहक होऊ नये, आणि सख्ख्या भाचीचा तर मुळीच होऊ नये. दुकानात जाऊन साबण मागणारा ग्राहक मी म्हणत नाही. साबण मागितला की साबण मिळतो, फार तर वास आवडत नाही. मी म्हणतोय तो सॉफ्टवेअरचा ग्राहक. त्याला आधी आपल्याला नेमकं काय हवंय ते सांगावं लागतं, आणि मग त्यावर टिकूनही राहावं लागतं.

माझ्या बहिणीची मुलगी सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि शिकायला आमच्याकडे राहते. कॉलेज ऑनलाइन, म्हणजे आमच्या मधल्या खोलीत. 'प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या मापाचं शिक्षण' अशी त्या कॉलेजची जाहिरात आहे. आमच्या वेळी शिक्षण एकाच मापाचं यायचं आणि ते सगळ्यांनाच काखेत काचायचं. इथे लॅपटॉपमध्ये एक शिकवणारी बाई आहे. म्हणजे आवाज तेवढा बाईचा, बाकी सगळं यंत्र. पण भाची तिला 'बाई' म्हणते म्हणून आम्हीही म्हणतो. दिवसभरात काय केलं, कुठे अडलं, कोण काय म्हणालं हे भाचीने संध्याकाळी बाईंना सांगायचं, आणि बाई त्यावरून फक्त तिच्यापुरता दुसऱ्या दिवशीचा पाठ तयार करतात. सबंध जगात तो पाठ दुसऱ्या कोणाला मिळत नाही. हे ऐकून माझी बायको म्हणाली, "एवढं लक्ष माझ्याकडे माझ्या लग्नातसुद्धा कोणी दिलं नव्हतं." मी हा विषय पुढे वाढवला नाही.

तर एके दिवशी भाची माझ्यासमोर चहा ठेवून म्हणाली, "मामा, तू माझा ग्राहक होशील का?"

"किती पगार आहे?" मी विचारलं.

"चेष्टा नको ना. शेवटच्या प्रोजेक्टला खराखुरा माणूस लागतो, त्याची खरीखुरी अडचण लागते. त्या अडचणीवर मी सॉफ्टवेअर बनवायचं. महिनाअखेरीला परीक्षकांसमोर त्याने 'हेच मला हवं होतं' म्हणून मंजुरीचं बटण दाबलं, की मी पास."

"आणि नाही दाबलं तर?"

"तर अख्खं सत्र पुन्हा. आणि ज्या कंपनीने मला घ्यायचं कबूल केलंय ना, ती काही माझ्यासाठी सत्रभर खुर्ची रिकामी ठेवणार नाही."

तिने हे अगदी हसत सांगितलं, पण सांगताना कपाची कड नखाने खरवडत होती. त्या नोकरीसाठी तिने किती मुलाखती दिल्या होत्या ते मी पाहिलं होतं. मी तिच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "एवढंच ना? समज दाबलं बटण." हे वाक्य मी मनापासून म्हणालो होतो हे मुद्दाम नमूद करतो, कारण पुढे घरात त्यावर बरीच चर्चा झाली.

इथे माझ्या नोकरीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मी विमा कंपनीत दावे तपासतो. आलेला दावा पहिल्या फेरीत मंजूर करायचा नाही, हा आमच्या खात्याचा कणा आहे. दाव्यात खोट असतेच असं नाही, पण खोट नाही म्हणून मंजूर करत सुटलं तर आमच्या खात्याची गरज काय, असा प्रश्न वरचे लोक विचारतील. म्हणून मी प्रत्येक कागदावर शांतपणे लिहितो, 'तसं सगळं ठीक आहे. फक्त एक बारीकशी शंका.' माझ्या बारीकशा शंकेने माणसं थकून घरी बसलेली आहेत. माझा हात कामाला चांगला आहे असं साहेबही म्हणतात.

आता अडचण. आमच्या इमारतीच्या गच्चीवर कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आहेत. कुटुंबं जास्त, दोऱ्या कमी. कोणी सकाळी एक ओला रुमाल टाकून सबंध दोरी अडवून ठेवतं, कोणी दुसऱ्याचे वाळलेले कपडे गोळा करून टाकीवर ठेवतं, आणि कोणी ते न वाळलेलेच ठेवतं. ही सगळी भांडणं सेक्रेटरी म्हणून माझ्या दारात येतात, आणि बहुतेक वेळा मी दाढी करत असतानाच येतात. त्यामुळे मला काय हवंय ते मी भाचीला एका वाक्यात सांगितलं. बादली घेऊन वर जायच्या आधी मला फोनवर कळावं, की एखादी दोरी मोकळी आहे की नाही.

"बस?" तिने विचारलं.

"बस."

"मामा, किती स्पष्ट बोलतोस तू! बाई म्हणत होत्या, ग्राहकाकडून रिक्वायरमेंट काढणं हेच सगळ्यात कठीण."

मला बाईंची कीव आली. त्यांना माझ्यासारखा ग्राहक भेटलेला नसावा.

पण पहिल्याच पायरीला ठेच लागली. ग्राहक म्हणून माझी नोंदणी केली, तर कॉलेजकडून उत्तर आलं, 'ग्राहक आणि विद्यार्थी यांचा पत्ता एकच आहे. कृपया खुलासा करावा.' 'कृपया खुलासा करावा' हे माझं वाक्य आहे. ते मी इतकी वर्षं दुसऱ्यांना पाठवत आलो. आलेलं पहिल्यांदाच वाचलं आणि जरा गार पडलो. खुलासा केला. त्यावर उत्तर आलं, की घरगुती ग्राहक चालणार नाही. आपण इमारतीच्या वतीने बोलत असाल तर कमिटीचा ठराव शिक्क्यासह जोडावा. म्हणजे मीटिंग घेणं आलं.

मीटिंग आमच्याच बाहेरच्या खोलीत झाली. कमिटी म्हणजे मी आणि आणखी दोघं. एक वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर. त्यांनी हयातभर पूल बांधले, म्हणून इमारतीत त्यांना 'पूलसाहेब' म्हणतात. दुसऱ्या तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. इमारतीचा शिक्का पूलसाहेबांच्या ताब्यात असतो, कारण आधीच्या सेक्रेटरीवर त्यांचा विश्वास नव्हता आणि माझ्यावर बसायचा आहे.

"सॉफ्टवेअर करा, जरूर करा," पूलसाहेब म्हणाले. "पण वाऱ्याचा विचार केलाय का? पश्चिमेचा वारा सुटला की माझ्या चादरी तुमच्या शर्टांवर जातात. मग दोरी कुणाची धरायची, सांगा."

"माझे ॲप्रन कुणाच्या मोज्यांशेजारी चालणार नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जंतूंचा प्रश्न आहे. आणि कपडे वाळले की फोन वाजला पाहिजे. मी पेशंटच्या तोंडात हात घालून वर बघायला येऊ शकत नाही."

"आतले कपडे आतल्या दोरीवर," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. ती कमिटीत नाही, पण मीटिंग आमच्या घरात असल्यामुळे तिला मत असतं.

मी सगळ्यांना म्हणालो, "बघू. करून घेऊ." माझी ही एक गंमत आहे. कागदावर मी रोज कितीतरी लोकांना नाही म्हणतो, कारण त्यांचं तोंड मला दिसत नाही. पण समोर बसलेल्या, माझाच चहा पिणाऱ्या माणसाला नाही म्हणायचं, तर माझी जीभ टाळ्याला चिकटते. पूलसाहेबांनी वाऱ्याबद्दल माझ्याकडून शब्द घेतला आणि मगच शिक्का उमटवला. पॅड वाळलेलं असल्यामुळे तो अर्धाच उमटला. 'शिक्का अस्पष्ट आहे,' असं कॉलेजने कळवलं. एव्हाना त्या खात्यात बसलेल्या माणसाबद्दल, किंवा यंत्राबद्दल, मला मनातून आदर वाटायला लागला होता. शेवटी पॅडवर बायकोच्या पेनातली शाई ओतून मी अधिकृत ग्राहक झालो.

भाचीने पहिली आवृत्ती भराभर करून दाखवली. फोनवर गच्चीचं चित्र, त्यात दोऱ्या. मोकळी दोरी हिरवी, भरलेली लाल. बोट लावलं की दोरी आपल्या नावावर. मी सांगितलं होतं ते सगळं त्यात होतं. 'शाबास' हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. पण आलेली गोष्ट पहिल्या फेरीत पुढे सोडायची नाही ही सवय, आणि वर वारा, ॲप्रन, मोजे हे सगळं माझ्या डोक्यावर. मी चष्मा वर केला आणि म्हणालो, "तसं सगळं छान आहे. फक्त एक बारीकशी शंका."

मग रोजचंच झालं. जिन्यात पूलसाहेब भेटायचे, मी 'करून घेऊ' म्हणायचो आणि घरी येऊन भाचीला सांगायचो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई. मोजे हा कपडा धरायचा की वस्तू, यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. पाहुणे आले तर त्यांच्या कपड्यांचं काय, हा प्रश्न मी स्वतः काढला आणि त्याचा मला अभिमानही वाटला. भाची प्रत्येक वेळी "बरं मामा" म्हणून लिहून घ्यायची, आणि केलेलं सगळं उसवून पुन्हा शिवायची. तिच्या डोळ्यांखाली काळं यायला लागलं होतं. मी तिला गाजर खा म्हणून सांगितलं.

संध्याकाळी बाईंचे पाठ मात्र अतिशय सुंदर व्हायचे. मी आरामखुर्चीत बसून ऐकायचो. 'मान होकारार्थी हलवतो आणि दुसऱ्या दिवशी बदलून येतो, अशा ग्राहकाला कसं हाताळावं.' 'ग्राहक स्वतःचं मत सांगतोय की शेजाऱ्याचं, हे कसं ओळखावं.' 'निर्णय घ्यायला घाबरणारा, पण ते खबरदारीच्या नावाखाली लपवणारा ग्राहक.' काय सूक्ष्म निरीक्षण! मी न राहवून मध्येच सांगायचो, "अगं, अशी माणसं असतात! आमच्या ऑफिसातले साहेब अगदी हेच. बाईंना म्हणावं, माझ्याकडे उदाहरणं आहेत." भाची खाली मान घालून टाइप करत राहायची. बायको चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघायची आणि पुन्हा कपड्यांच्या घड्या घालायची.

दुसरी आवृत्ती इमारतीत सगळ्यांना वापरायला दिली, तो दिवस मी विसरणार नाही. 'वाळलं की फोन वाजला पाहिजे' या मागणीत मी सुधारणा सुचवली होती, की दोरी मोकळी झाली तरी फोन वाजावा, आणि सगळ्यांचाच वाजावा, म्हणजे कुणावर अन्याय नको. भाची म्हणाली होती, "मामा, नक्की?" मी म्हणालो होतो, "न्याय म्हणजे न्याय." सकाळी कुणीतरी एक टॉवेल काढून फोनवर दोरी सोडली आणि सबंध इमारतीचे फोन एकदम वाजले. सगळे बादल्या घेऊन जिन्यात. पूलसाहेब वरच राहत असल्यामुळे आधी पोचले. डॉक्टरीणबाई त्यांच्या चादरीखालून आत शिरल्या. मी दोघांच्या मधून माझी पँट दोरीवर टाकायला गेलो, तेवढ्यात पश्चिमेचा वारा आला आणि पँट कठड्यावरून खाली गेली. खाली पोस्टमन सायकल लावत होता. ती त्याच्या डोक्यावर पडली, आणि ती घेऊन तो गेला कुठे, ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी टपालाबरोबर त्याने ती आणून दिली. म्हणाला, "पत्ता नव्हता साहेब, पण मापावरून ओळखली." जिन्यात तेव्हा बरीच मंडळी उभी होती.

"वारा," पूलसाहेब एवढंच म्हणाले.

त्यानंतर एक दिवस मी कणकण वाटते म्हणून ऑफिसातून लवकर घरी आलो. दार उघडतो तर मधल्या खोलीतून पुरुषाचा आवाज. "तसं सगळं छान आहे," तो म्हणत होता, "फक्त एक बारीकशी शंका." मी चपला न काढताच आत गेलो. खोलीत कोणी नव्हतं. न्हाणीघरात पाण्याचा आवाज येत होता. टेबलावर लॅपटॉप उघडा आणि त्यावर एका चष्मेवाल्या माणसाचं चित्र. चेहरा सभ्य, भिवया वर.

"दोरी हिरवी दाखवली आहे," तो मला म्हणाला. "पण गच्चीवरची खरी दोरी निळी आहे."

मी चाटच पडलो. ही शंका माझी होती. अजून मी ती कुणाला बोललोही नव्हतो. जेवताना काढणार होतो. पण दुसऱ्याच्या तोंडून ती इतकी फालतू वाटली, की माझा तोल गेला.

"अहो, रंगाने काय फरक पडतो?" मी म्हणालो. "मोकळी आहे हे कळलं ना?"

"कळलं. पण उद्या कोणी विचारलं तर?"

"कोण विचारणार?"

"कोणीही. आपण आपल्या बाजूने खबरदारी घेतलेली बरी."

"ती पोरगी महिनाभर राबतेय त्याच्यामागे! झोप नाही तिला!"

"मी कुठे नाही म्हणतोय? मी कुणालाच नाही म्हणत नाही."

"मग एकदाचं हो तरी म्हणा!" मी टेबलावर हात आपटला.

"म्हणतो की. आधी शेजाऱ्यांना विचारून घेतो," तो म्हणाला आणि अतिशय समजूतदारपणे हसला. त्या हसण्यावर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

भाची डोक्याला टॉवेल गुंडाळून धावत आली. "मामा! तू माझ्या सरावात कशाला घुसलास?"

"हा कोण माणूस आहे?"

"सरावाचा ग्राहक आहे तो. तुझ्याशी... म्हणजे ग्राहकाशी बोलायच्या आधी याच्याशी बोलून बघायचं असतं. मी रोज बाईंना सांगते ना काय काय झालं, त्यावरून बाई याला बनवतात."

"कुणावरून?"

"अहो," बायको दारातून म्हणाली, "आता हेसुद्धा समजावून सांगायला हवं का?"

मी आरामखुर्चीत बसलो. बसल्यावर ते सगळे पाठ एकेक करून आठवायला लागले, आणि त्यावर मी दिलेली दादही आठवायला लागली. कान तापले. बायकोने न विचारता पाणी आणून दिलं, म्हणजे चेहरा बराच उतरलेला असणार. मला मनापासून लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला तो त्या चष्मेवाल्याचा, कारण एवढं बोलून शेवटी त्याने होकार दिलाच नव्हता.

तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण मी ओरडत होतो तेव्हा सराव भाचीच्या नावाने चालू होता, आणि सरावात कॅमेरा बंद असतो. बाई गोड आवाजात म्हणाल्या, "आज तुम्ही ग्राहकावर ओरडलात. टेबलावर हातही आपटलात. हरकत नाही, असं होतं. तुमच्यासाठी मी संयमाचा एक छोटासा अभ्यासक्रम तयार केला आहे. तो पूर्ण झाल्याशिवाय अंतिम पाहणी उघडणार नाही." आमच्या घरात आवाज न चढवणारी ती एकटीच, आणि संयम शिकायला बसली तीच. डोळे मिटून श्वास मोजायचा, मग प्रश्नांची उत्तरं द्यायची. महिनाअखेर तोंडावर आलेली. मी तिच्याऐवजी बसतो म्हणालो, तर इथे कॅमेरा चालू होता, त्याने मला ओळखून उठवलं. मी कॉलेजला रीतसर पत्र लिहिलं, की ओरडणारा मी होतो. उत्तर आलं, 'ग्राहकाने स्वतःवरच ओरडल्याची नोंद करण्याची सोय उपलब्ध नाही.' मी हरलो. खात्यातला माणूस म्हणून सांगतो, उत्तर बिनतोड होतं.

शेवटच्या दिवशी भाचीचा संयम पूर्ण झाला आणि दुपारी पाहणी लागली. ठरावात 'कमिटीच्या उपस्थितीत' असे शब्द मीच घातले होते, त्यामुळे पूलसाहेब आणि डॉक्टरीणबाई सोफ्यावर येऊन बसले. लॅपटॉपवर परीक्षक होते, सर्दी झालेले एक गृहस्थ, हातात रुमाल. सत्र संध्याकाळी बंद होणार होतं. मी मनाशी ठरवलं होतं, काही न बोलता बटण दाबायचं. पण मी ठरवतो तेव्हा समोर कोणी बसलेलं नसतं.

"ग्राहकाची मूळ मागणी," परीक्षक वाचायला लागले, "दोरी मोकळी आहे की नाही ते कळावं. हे पहिल्याच आवृत्तीत झालेलं दिसतंय. मग पुढचा महिनाभर काय चाललं होतं?"

परीक्षकांनी नाक पुसलं.

"आणि हे काय? 'ग्राहक बदला' असा सल्ला शिकवणाऱ्या बाईंनी विद्यार्थिनीला वारंवार दिलाय. प्रत्येक वेळी तिने नाकारला. प्रत्येक नकाराला गुण कापले गेलेत. का हो? बदलायचा ना ग्राहक."

हे मला माहीत नव्हतं. बायकोलाही नसावं, कारण तिच्या हातातली घडी तशीच राहिली.

"कुणाला घेणार सर?" भाची म्हणाली. "बदलला तरी जेवायला समोर हेच बसणार." परीक्षक हसले. ती हसली नाही. "आणि सर, मामाच्या सगळ्याच शंका फुकट नव्हत्या. पाहुण्यांची शंका बरोबर होती. ती मला बाईंनी शिकवली नसती. तो माझं काम नीट बघतो, म्हणून त्याला शंका येतात. मला तसा ग्राहक सोडायचा नव्हता."

मी चष्मा काढून उगाचच पुसत बसलो.

"ठीक आहे," परीक्षक म्हणाले. "ग्राहक, मंजुरी?"

"एक मिनिट," पूलसाहेब सोफ्यावरून पुढे सरकले. "वाऱ्याचं काय झालं? सेक्रेटरींनी मला शब्द दिलाय."

"आणि माझ्या ॲप्रनचं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जीभ टाळ्याला चिकटली. 'तसं सगळं' हे शब्द आपोआप वर यायला लागले. मी भाचीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिची बोटं कीबोर्डवर तयार होती. मी आता शंका काढणार हे धरून ती ती लिहून घ्यायला बसली होती, सत्र जाणार हे दिसत असूनसुद्धा. मला ते बघवेना.

"नाही," मी म्हणालो.

भाचीचा चेहरा पांढराफटक पडला. परीक्षकांनी रुमाल खाली घेतला. "म्हणजे मंजुरी नाही?"

"तुम्हाला नाही हो!" मी ओरडलो. "यांना नाही! पूलसाहेब, वारा नाही. डॉक्टरीणबाई, ॲप्रन नाही. मोज्यांचं नाही, कशाचंच नाही. मी तुम्हाला शब्द दिला तेव्हा मला नाही म्हणायचं होतं आणि हिंमत नव्हती. ती माझी चूक आहे, त्याचा भुर्दंड या पोरीला नाही." आणि मी बटण दाबलं. घाईत ते नीट लागलं नाही म्हणून पुन्हा दाबलं, आणि लागल्यावरही एकदा दाबलं.

"हेच मला हवं होतं," मी म्हणालो, कारण ते म्हणणं नियमात होतं.

पूलसाहेब उठले. बरोबर आणून टेबलावर ठेवलेला इमारतीचा शिक्का उचलून त्यांनी खिशात घातला आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. डॉक्टरीणबाई जाताना एवढंच म्हणाल्या, की तुमची अक्कलदाढ अजून यायची होती वाटतं. बायकोने दार लावलं आणि पहिल्यांदाच, कोणत्याही कारणाशिवाय, मला दोन बिस्किटं जास्त दिली. भाची पास झाली होती. तिने हेडफोन गुंडाळला, लॅपटॉप मिटला, थोडा वेळ मिटलेल्या लॅपटॉपवर हनुवटी टेकून बसली. मी वाट बघत होतो. एवढं मोठं वैर पत्करल्यावर माणसाला थोडीशी अपेक्षा असते.

"मामा," ती म्हणाली.

"बोल."

"वाऱ्याचं त्यांचं बरोबर आहे रे. तुझी पँट गेली तेव्हाच मला कळलं होतं, पण मंजुरीच्या आधी जमणार नव्हतं. आता जमेल. किती वाऱ्याला कोणता कपडा किती हलतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?"

"अगं, मंजुरी झाली. तू पास झालीस. आता कुणाला काही द्यायचं नाहीये."

"म्हणून तर," ती म्हणाली, आणि लॅपटॉप काखेत मारून दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. थोड्या वेळाने वरून पूलसाहेबांचा आवाज यायला लागला. आधी फुरंगटलेला, मग चढत गेलेला, मग एकदम रंगात आलेला. ते काहीतरी समजावत होते आणि माझी भाची मध्ये मध्ये "बरं काका" म्हणत होती, अगदी तसंच, जसं महिनाभर मला म्हणत होती. मी जिन्याच्या खाली उभा राहून ऐकत होतो. खरं सांगायचं तर मला त्या माणसाचा मत्सर वाटला.